केळीची गोधडी

मुलांनो, केळीचं खोड कधी सोलून पाहिलंय का? सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खांब बांधतात ना, तेच. पुढच्या वेळी पूजा आटोपली की घरच्यांना विचारा आणि त्याचं एकेक सोपट काढत जा. कांद्यासारखे पापुद्रे निघत राहतील, पण लाकूड काही सापडायचं नाही! कारण ते खरं खोडच नव्हे. पानांचे खालचे भाग एकमेकांभोवती घट्ट गुंडाळले जातात आणि त्यांचा खांब होतो. खरं खोड असतं जमिनीखाली, गड्ड्यात. नवं पान तिथंच जन्मतं आणि गाभ्यातून वर चढत येतं.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी हकिगत या गड्ड्याचीच आहे.

माझं माहेर जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात. तिथं जिकडे पाहावं तिकडे केळीच्या बागा. लग्नानंतर मी इंग्लंडमधल्या रेडिंग गावी राहायला गेले. तिथं डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारून येतं आणि सकाळी दव गोठून गवत पांढरंशुभ्र झालेलं असतं. अशा गावात शेजारच्या आजोबांच्या परसात चक्क केळ उभी होती! काचघरात नव्हे, उघड्यावर.

तुम्ही म्हणाल, थंडीत केळ जगेलच कशी? अगदी बरोबर. पारा दहा अंशांच्या खाली गेला की आपल्या केळीची वाढ खुंटते. रावेरकडे कडाक्याची थंडी पडली की शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. पण आजोबांची केळ वेगळ्या जातीची होती. तिचं शास्त्रीय नाव ‘मुसा बासजू’. मूळची ती दक्षिण चीनमधली, पण नाव मिळालं जपानी. जपानीत केळीच्या या झाडाला ‘बाशो’ म्हणतात. हायकू लिहिणाऱ्या एका कवीला त्याच्या शिष्यानं 1681 साली असंच एक रोप भेट दिलं. ते कवीच्या झोपडीपाशी वाढलं आणि त्याला इतकं आवडलं, की त्यानं स्वतःचं नावच ‘बाशो’ ठेवलं. आज सारं जग त्याला याच नावानं ओळखतं.

या केळीची फळं मात्र खाण्याजोगी नसतात. मग लावायची कशाला? तर पानांसाठी! माणसाहून लांब, हिरवीगार पानं. आजोबा दर गणेश चतुर्थीला न विसरता एक पान कापून आम्हाला द्यायचे आणि आमच्या बाप्पाचा नैवेद्य त्यावर वाढला जायचा. बदल्यात त्यांना दोन मोदक. तेवढ्यावर आमची दोस्ती जमली.

2010 च्या ऑक्टोबरात आजोबा घसरून पडले आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. हॉस्पिटलात भेटायला गेलो, तर माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला ते म्हणाले, “यंदा केळीला गोधडी तू घालायची.” आणि कसं करायचं ते नीट समजावून सांगितलं.

थंडीनं पानं काळी पडली, तशी आम्ही ती कापून टाकली. खोडाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी गोल उभी केली. तिच्यात गव्हाचं कोरडं काड ठासून भरलं. बुंध्याभोवती सुक्या पानांचा जाड थर दिला आणि सगळ्यावर एक बादली पालथी घातली. बादली कशाला, माहीत आहे? काड स्वतः ऊब देत नाही. त्याच्यात हवा अडकून राहते आणि ती हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. तुमची गोधडी तेच करते. पण काड भिजलं की सगळं संपलं! ओली गोधडी कधी कुणाला ऊब देते का? उलट आतलं खोड कुजतं.

नेमका तो डिसेंबर ब्रिटनमधला 1910 पासूनच्या नोंदींतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. एका पहाटे आमच्या खिडकीबाहेरचा पारा शून्याखाली आठ अंशांवर होता. केळीत पाणीच पाणी असतं. ते गोठलं की आतल्या पेशी फाटतात आणि बर्फ वितळला की सगळा लगदा होतो. लेक रोज शाळेतून आल्यावर बादली जागेवर आहे ना, ते पाहून यायची.

एप्रिलच्या शेवटी गोधडी काढली. वरचं खोड तपकिरी आणि मऊ पडलं होतं. बोट लावलं तर आत जात होतं, वासही येत होता. आजोबा तेव्हा मुलाकडे राहत होते. मुलगा परसाची साफसफाई करायला आला. म्हणाला, “हे मेलंय. पुढच्या रविवारी खणून टाकतो, तिथं गवत लावू.”

लेकीचा चेहरा एवढासा झाला. तिनं रावेरला आबांना फोन लावला.

“आबा, केळ मेली का हो?”

“वरचं पाहून सांगू नको, बेटा,” आबा म्हणाले. “आम्ही घड उतरवतो, तेव्हा वरचं खोड तर संपतंच. पण गड्ड्याला पिल फुटतं, त्यावरच पुढची पिलबाग घेतो. तू वरून एकेक चकती कापत खाली ये. गाभा पांढरा आणि टणक लागला, तर केळ जिती आहे.”

मी सुरी धरली, लेक जवळ बसली. पहिली चकती तपकिरी. दुसरी तपकिरी. पाचवी, सहावी, तशीच. जमीन वीतभर राहिली आणि मधोमध रुपयाएवढा पांढरा ठिपका दिसला. टणक!

लेक तडक त्या काकांकडे गेली. “मला एक महिना द्या,” म्हणाली. काकांनी ठिपका पाहिला, डोकं खाजवलं आणि फावडं परत गाडीत टाकलं.

मे महिना जवळजवळ सरला, तरी काही नाही. मग एका सकाळी त्या ठिपक्यातून हिरवी सुरळी डोकावली. आठवड्याभरात बाजूला दोन पिलंही आली. उन्हाळ्यात ती दर आठ-दहा दिवसांनी नवं पान सोडू लागली. जुलैत आजोबा काठी टेकत घरी परतले, तेव्हा केळ लेकीच्या खांद्याला आली होती. एक पिल त्यांनी कुंडीत लावून तिला दिलं. 2011 ची गणेश चतुर्थी 1 सप्टेंबरला होती. त्या दिवशी पान कापायचा मान तिलाच मिळाला.

तुमच्या परसातली केळ, हळद किंवा भुईकमळ वरून वाळलं, तर लगेच उपटू नका. आधी थोडी माती बाजूला सारा आणि गड्डा चाचपून पाहा. टणक लागला, तर थोडी वाट पाहायला काय हरकत आहे?