घरचा डबा कुठे जात होता?

रात्रीची जेवणं आटोपली की आमच्याकडे कुणीतरी वाचतं आणि बाकीचे ऐकतात. गेले काही दिवस मोहमदू उल्द स्लाही यांची ग्वांतानामोची डायरी चालू होती. पुस्तक इंग्रजी, त्यामुळे वाचणारा सांगायचा मराठीतच.

गाव नुआकशोत, मॉरिटानियाची राजधानी. 20 नोव्हेंबर 2001ला चौकशीसाठी पोलीस घरी आले. हा माणूस स्वतःची गाडी चालवत त्यांच्याबरोबर गेला. त्यानंतर आईला तो पुन्हा दिसला नाही. काही दिवसांतच त्याच्याच सरकारने त्याला जॉर्डनला धाडलं. पुढे अफगाणिस्तानातला बग्राम तळ आणि ऑगस्ट 2002मध्ये ग्वांतानामो. घरच्यांना कुणी कळवलं नाही. ते कित्येक महिने नुआकशोतच्या तुरुंगावर त्याच्यासाठी जेवण आणि धुतलेले कपडे पोहोचवत राहिले. तो कुठे आहे, हे जर्मनीतल्या भावाला शेवटी तिथल्या एका साप्ताहिकात वाचून समजलं.

"मग ते जेवण आत घेत कोण होतं?" अम्मींनी विचारलं. त्या रात्री पुढे वाचणं झालं नाही.

संशयाला काहीच आधार नव्हता असं नाही. कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध लढायला ते तरुणपणी अफगाणिस्तानात गेले होते, अल-कायदाची शपथही घेतली होती. नंतर आपण संबंध तोडले, असं ते सांगतात. खरंखोटं ठरवायला न्यायालय असतं. इथे मारहाण झाली, झोप हिरावली गेली, पण आरोप ठेवलाच नाही. 2010मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी सुटकेचा हुकूम दिला. सरकार अपिलात गेलं, वरच्या कोर्टाने तो रद्द करून प्रकरण परत पाठवलं, आणि आणखी सहा वर्षं गेली. 2013मध्ये आईचा इंतकाल झाला. मुलगा घरी आला 17 ऑक्टोबर 2016ला.

आरोपच नव्हता, त्यामुळे निर्दोष ठरल्याचा कागदही नाही. सुटल्यावर कितीतरी दिवस पासपोर्टसुद्धा मिळेना.

छळणाऱ्यांना आपण माफ केलं, असं स्लाही जाहीरपणे सांगतात. त्यांच्यावर पहारा देणारा एक अमेरिकन पुढे त्यांना भेटायला मॉरिटानियाला जाऊन आला. यावर आमच्यात एकमत झालं नाही. धाकट्याचं म्हणणं, स्वतःवरच्या जुलमाची माफी देता येते, आईच्या वाट्याची कशी देणार? अम्मी म्हणाल्या, "त्या बिचारीने दुआत माफी-बदला काही मागितलं नसेल रे. मुलगा घरी यावा, एवढंच मागितलं असेल."