सैल सोडलेला लगाम

दोन वर्षांपूर्वीची, प्रायश्चित्तकाळातील एक सायंकाळ. मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच धर्मग्रामातील एक दांपत्य दारात येऊन उभे राहिले. पतीच्या तळहातावर घडी घातलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर 'वाडी विकावी', दुसरीवर 'विकू नये'. बिल्डरने दिलेली मुदत रविवारी संपत होती.

"फादर, नऊ दिवस नोव्हेना केली. आता प्रभूची इच्छा तुमच्या हातून कळू द्या. एक चिठ्ठी उचला."

आमचा हात पुढे झाला नाही. त्याला एक जुने कारण होते. गुरुदीक्षा होऊन फार काळ लोटला नव्हता, तेव्हा एका मातेने विचारले होते, "माझा मुलगा सेमिनरीत जावा, अशी देवाची इच्छा असेल का?" मुलगा गुणी होता, वेदीसेवक होता. आम्ही तत्काळ होकार दिला. त्या मुलाला मात्र एकदाही एकांतात विचारले नाही. चार वर्षांनी तो परत आला. आपण देवाला नकार दिला, हे ओझे तो पुढे कित्येक वर्षे वाहत राहिला. वस्तुतः त्याने नाकारला होता तो आमचा उतावीळपणा. देवाच्या नावाने बोलणे किती सोपे आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजणे किती कठीण, हे तेव्हा आम्हाला कळले.

"पण फादर," पती म्हणाले, "प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्याच ना?"

प्रश्न रास्त होता. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात नमूद आहे. परंतु पवित्र आत्म्याचे अवतरण होते ते दुसऱ्या अध्यायात! त्यानंतर त्या पुस्तकात शिष्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्याचे आढळत नाही. पंधराव्या अध्यायात, परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांनी सुंता करावी की नाही, असा बिकट प्रश्न उभा राहिला. तेव्हा प्रेषित व वडील यरुशलेमेत एकत्र बसले. पुष्कळ वादविवाद झाला. पेत्र बोलला, पौल व बर्णबा यांनी आपले अनुभव सांगितले, याकोबाने मत मांडले. मग जो निर्णय झाला, तो त्यांनी पवित्र आत्म्याचा आणि आपला, असा उभयतांचा म्हणून कळविला.

या संदर्भात संत इग्नेशियस लोयोला यांची एक कथा आम्हाला फार बोधप्रद वाटते. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झालेला हा सरदार 1522 मध्ये खेचरावर बसून मोंतसेरातच्या तीर्थक्षेत्री निघाला होता. वाटेत भेटलेल्या एका मूर प्रवाशाने पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी शंका घेतली आणि तो पुढे निघून गेला. इग्नेशियस संतापले. त्याला गाठून खंजीर खुपसावा की सोडून द्यावे, हे ठरेना. शेवटी फाट्यावर त्यांनी लगाम सैल सोडला. खेचर मुराच्या गावाकडे वळले तर वार करायचा, एरवी नाही. खेचर हमरस्त्याने गेले आणि एक खून टळला. उत्तरायुष्यात ही हकिकत त्यांनी स्वतःच सांगितली, ती मात्र आदर्श म्हणून नव्हे, तर आपला आत्मा तेव्हा किती आंधळा होता, हे दाखविण्यासाठी.

1548 साली पोप तिसरे पॉल यांच्या संमतीने छापल्या गेलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात खेचराला स्थान नाही. तेथे ते सांगतात : मन तराजूच्या काट्यासारखे मध्यभागी ठेवा, दोन्ही बाजूंचे लाभ व हानी प्रभूसमोर मांडा, एखादा अनोळखी मनुष्य हीच अडचण घेऊन आला तर त्याला काय सल्ला द्याल, ते पाहा, मरणसमयी कोणता निर्णय घेतलेला आवडेल, ते विचारा. मन खिन्न व अंधारलेले असताना पूर्वीचा निश्चय बदलू नका. निर्णय झाल्यावर तो प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवा.

त्या सायंकाळी आम्ही एवढेच केले. चिठ्ठ्या उलट्या करून कोऱ्या बाजूंवर दोघांना कारणे लिहावयास सांगितली. मग अनोळखी माणसाचा तो प्रश्न विचारला. पत्नी बराच वेळ गप्प राहिल्या. नंतर हळूच म्हणाल्या, "मी त्याला आधी विचारीन, घरातल्या म्हातारीला विचारलंस का?"

ज्यांनी पन्नास वर्षे त्या वाडीला पाणी घातले, त्या सासूबाईंना कोणीच विचारले नव्हते!

बिल्डरची मुदत टळून गेली. पावसाळ्यात त्या कुटुंबाने निर्णय घेतला. नातीच्या शिक्षणासाठी रस्त्यालगतचा तुकडा द्यावा, विहीर व केळीची बाग राखावी, असे आजीनेच सुचविले होते. हा पर्याय दोन्ही चिठ्ठ्यांवर नव्हता. तो व्यवहार फायद्याचा ठरेल की तोट्याचा, हे काळ ठरवील; परंतु त्या घरात आज कोणी कोणाशी अबोला धरलेला नाही.

प्रिय वाचकहो, मुलीचे स्थळ असो, परदेशातील नोकरी असो वा वडिलार्जित जमीन, प्रभू आपल्याला अंधारात सोडत नाही. मात्र त्याने दिलेली बुद्धी बाजूला ठेवून आणि घरातील माणसांना वगळून त्याचा संकेत शोधू नये. लगाम त्याने आपल्या हाती दिला आहे. तो सैल सोडणे म्हणजे श्रद्धा नव्हे.