डब्यावरचं आणि डब्यातलं

रत्नागिरी

चि. बाबूस,


तू पाठवलेले डब्याचे फोटो मोठे करकरून वाचले. ‘मामा, तुझं मेडिकल आहे, तूच सांग, मागवू का?’ असं विचारलंस, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो: मागवू नकोस. नुसतं ‘नको’ म्हटलेलं तुला कधी पटत नाही, तेव्हा कारणंही ऐक.

तुझ्या प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीच्या, लेबलवर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड ६ ग्रॅम’ असं लिहून खाली नावांची रांग लावली आहे. कुठलं किती, याचा पत्ता नाही. कॅफीन ५० मिलिग्रॅम आहे की ३५०, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. मे महिन्यात तू सरावाला इकडे येशील, तेव्हा या दमट उकाड्यात कबड्डीच्या दोन चढायांतच छाती धडधडते. त्यावर हे घ्यायचं? माझ्या दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळीवरही कुठलं औषध किती, हे छापावं लागतं.

‘शंभर टक्के नैसर्गिक’ या शिक्क्यालाही भुलू नकोस. २०१३ साली अमेरिकेत, मुख्यतः हवाई बेटांवर, ‘ऑक्सीएलिट प्रो’ घेणाऱ्या अनेकांची यकृतं बिघडली. काहींना यकृत बदलावं लागलं, मृत्यूही झाला. संशय गेला तो त्यातल्या एजेलिनवर. हे द्रव्य मूळचं आपल्या बेलातलं. कंपनीने ते कारखान्यात तयार करून घातलं होतं. बेलाचं नाव ऐकून आपल्याकडे कोण घाबरलं असतं?

आपल्याकडचं चित्रही बरं नाही. केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरियक अ‍ॅबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन उत्पादनं तपासली. निष्कर्ष २०२४ मध्ये छापून आले. त्यांतल्या २५ मध्ये लेबलवर लिहिलं होतं तेवढं प्रोटीन नव्हतं, आणि ५ मध्ये अफ्लाटॉक्सिन सापडलं, म्हणजे बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात असतं ते विष. सगळेच डबे खोटे असतात असं नाही. पण एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक म्हणजे उत्पादकाचा किंवा विक्रेत्याचा परवाना. तुझ्या हातातला डबा कुणी तपासला, असा त्याचा अर्थ नाही. काही जण तर पावडरीत स्टेरॉइड मिसळतात. चार आठवड्यांत दंड भरले की गिऱ्हाईक आपणहून दुसरा डबा मागवतं. आणि ज्याचा कोड टाकून तुला सवलत मिळते, त्या इन्स्टाग्रामवाल्याला प्रत्येक डब्यामागे कमिशन मिळत असणार.

तू राष्ट्रीय स्पर्धेची स्वप्नं बघतोस, म्हणून पैलवान नरसिंग यादव आठवतो. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकआधी त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते कालवलं, असं त्याचं म्हणणं. ‘नाडा’ या उत्तेजकविरोधी संस्थेने ते मानलं, क्रीडा लवादाने मानलं नाही. कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांची बंदी आली. खरं काय झालं यावर लोक अजून वाद घालतात. नियम मात्र सरळ आहे: अंगात सापडलं, तर उत्तर खेळाडूनेच द्यायचं. ‘डब्यात होतं, मला माहीत नव्हतं’ एवढं म्हणून सुटका होत नाही. विकणारा तोवर दुसऱ्या नावाने दुकान थाटून बसलेला असतो.

क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर तर खोकल्याच्या औषधावरून बंदी आली. त्यात टर्ब्युटलिन निघालं आणि २०१९ मध्ये आठ महिने गेले. म्हणून यापुढे सर्दी-खोकला झाला तरी बाटलीचा फोटो आधी मला पाठव. ‘नाडा’च्या ‘नो युवर मेडिसिन’ अ‍ॅपवरही नाव तपासून घे.

प्रोटीनचं म्हणशील, तर मेसमध्ये दोन अंडी वाढवून घे. त्यांत बारा ग्रॅम आलं. बाकी दूध, उसळ, शेंगदाणे आहेतच. सुट्टीत आलास की बांगडे आणि कुळथाची पिठी करायला मामी तयार आहे. तरीही कमी पडतंय असं वाटलं, तर आहारतज्ज्ञाला दाखवू, फी मी देईन.

ऑर्डर रद्द केलीस की कळव. ताईला आणि भावोजींना नमस्कार.

तुझा,
मामा