आरसेमहालातली पातेली

कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर काहीही लावा, उठून दिसतं. पण ज्या घराचं छतसुद्धा चित्रांवाचून सोडलेलं नाही, तिथे आजच्या कलाकाराने आपलं काम मांडायचं कुठे? ते एकतर हरवतं, नाहीतर घराशी भांडतं.

पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यात हा प्रयोग झाला. फ्रेंच राजांचं हे घर १८३७ पासून संग्रहालय आहे. २००८ साली अमेरिकन कलाकार जेफ कून्सने तिथल्या सोनेरी दालनात भलीमोठी लाल शेवंड टांगली, तेव्हा चौदाव्या लुईचा एक वंशज कोर्टात गेला. पूर्वजांचा अपमान झाला, असं त्याचं म्हणणं. कोर्टाने ते मानलं नाही. २०१० मध्ये जपानच्या ताकाशी मुराकामीच्या वेळीही निषेध झालेच.

माझं मन अडकलं ते २०१२ च्या प्रदर्शनात. पोर्तुगालची जोआना वास्कोन्सेलोस ही तिथे निमंत्रित झालेली पहिली स्त्री. तिने आरसेमहालात उंच टाचांच्या सँडलचा प्रचंड जोड ठेवला. जवळ जाऊन पाहावं तर तो स्टीलच्या पातेल्यांचा आणि झाकणांचा!

हा ७३ मीटर लांब, ३५७ आरशांचा महाल मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवला. १८७१ मध्ये इथेच जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, १९१९ चा तह इथेच झाला. धड्यात राजे होते, सेनापती होते, सह्या होत्या. त्या एवढ्या माणसांसाठी रांधणारं, भांडी घासणारं कोणी नव्हतं. मी व्हर्सायला गेलेले नाही, फक्त फोटो पाहिले. पण त्या आरशांत पातेल्यांचं प्रतिबिंब बघून वाटलं, धड्याचं राहिलेलं पान कुणीतरी जोडलं.

तिचं दुसरं एक काम मात्र राजवाड्याने नाकारलं. 'वधू' नावाचं ते पांढरंशुभ्र झुंबर, पण काचेचं नव्हे. पाळीत वापरायच्या हजारो टॅम्पॉन्सचं. लांबून पाहिलं तर अगदी राजवाड्याला शोभेलसं!

तुम्ही म्हणाल, हे जरा अतीच. पण आमच्या लहानपणी घरोघरी बायका त्या चार दिवसांत बाहेर बसत. स्वयंपाकघरात पाऊल नाही, देवघर तर दूरच. वर्षभर राबून घर उभं ठेवायचं आणि महिन्यातून चार दिवस त्याच घरात परकं व्हायचं. म्हणून ते झुंबर नाकारल्याचं वाचून मला नवल वाटलं नाही. बाईच्या हातची पातेली महालात चालतात, बाईचं शरीर चालत नाही.

नक्षीदार घरात नवी कला ठेवण्याचा उपयोग मला इथे दिसतो. ते घर कशाला हो म्हणतं आणि कुठे दार लावून घेतं, हे तेव्हाच कळतं.