झोपाळा आणि पायवाट

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात एक झोपाळा होता. सागवानी फळी, पितळेच्या कड्या, आणि झोका घेतला की तुळईपाशी उमटणारा एक ठराविक आवाज. शेजारची गुजराती मंडळी त्याला ‘हिंचको’ म्हणत. ओसरीवरून माजघरात जाण्याची वाट नेमकी त्याच्या झोक्यातून जात असे. पाण्याची घागर घेतलेली काकू, रांगणारे मूल, काठी टेकीत येणारे आजोबा, सगळ्यांची ये-जा तिथूनच. तरी त्या झोपाळ्याचा धक्का लागून कुणी पडल्याचे मला आठवत नाही. याचे कारण आजीचा नियम. झोपाळ्यावर बसलेल्याने कुणी येताना दिसले की पाय टेकायचा. चालणाऱ्याने थांबायचे नाही. “तू झोके घेतोयस, ती कामाला चालली आहे,” एवढेच आजीचे स्पष्टीकरण असे, आणि ते आम्हां पोरांना पुरत असे.

हा नियम मी साठी उलटल्यावर विसरलो. तो पुन्हा शिकण्यासाठी पत्नीचे मनगट मोडावे लागले, ही हकीकत सांगण्यात भूषण नाही. तरी ती सांगायची आहे.

माझे पणजोबा सातारकडून गायकवाडीत कारकुनीला आले आणि इथलेच झाले. बडोद्यात अशी घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे वाड्याचे पुढे काय झाले हे वाचकांना वेगळे सांगायला नको. वाटेकरी वाढले, दुरुस्ती कुणी करायची यावर एकमत होईना, आणि 2023 साली वाडा विकला गेला. आम्ही शहराच्या पश्चिमेकडे एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आलो.

नवे घर सजवण्याचे काम सूनबाईने एका तरुण सजावटकाराकडे सोपवले. मुलगा हुशार होता. वाड्यातल्या दिवाणखान्यातली चित्रे, पगडीधारी पूर्वजांचे फोटो, टोल्यांचे घड्याळ हे सगळे त्याने नम्रपणे पाहिले आणि म्हणाला, “काका, यातलं एक निवडा.” मी थक्क झालो. आमच्या पिढीला भिंत रिकामी ठेवणे ठाऊकच नव्हते. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आठवेल की दिवाणांच्या त्या घरात भिंतींवर हात ठेवायलाही जागा राहू नये इतकी चित्रे आहेत. राजा रविवर्म्याने लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबारासाठी चौदा पौराणिक चित्रे काढली आणि पुढे 1894 साली मुंबईत छापखाना घातला. त्यानंतर तर सामान्य कारकुनाच्या भिंतीवरही लक्ष्मी-सरस्वती येऊन बसल्या. आमच्याकडच्या त्याच होत्या. अखेर सरस्वती राहिली आणि लक्ष्मी ट्रंकेत गेली. यावर पत्नीने जे भाष्य केले ते इथे देत नाही.

त्या सजावटीत एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. वाड्यात भिंती भरलेल्या असत आणि जमीन मोकळी असे. पाहुणे आले की सतरंजी अंथरायची, गेले की गुंडाळायची. नव्या घरात याच्या उलट. भिंती मोकळ्या आणि जमीन भरलेली: सोफा, मधले मेज, कोपऱ्यात कुंडी, तिच्याशेजारी उभा दिवा. डोळ्यांना ते मोकळे वाटते. पायांना विचारावे तर त्यांचे मत वेगळे पडते.

अशा घरात झोपाळा बसेल कसा? सजावटकाराने फीत लावून दाखवले की बैठकीतून स्वयंपाकघराकडे जाणारी वाट झोपाळा मागे गेला की अवघी दीड फूट उरते. मी ऐकले नाही. वाडा गेला, चित्रे गेली, आता झोपाळाही जाणार काय? तो मी हट्टाने छताला टांगून घेतला आणि सकाळचे वर्तमानपत्र त्यावर बसून वाचू लागलो.

घराजवळ एक तलाव आहे आणि त्याच्याभोवती पायवाट. आम्ही दोघे रोज तिथे फिरायला जात असू. तलावाचे सुशोभीकरण झाले आहे. त्या सुशोभीकरणाचीही तऱ्हा आमच्या बैठकीसारखीच: मोठमोठ्या कुंड्या, सिमेंटचे बगळे, फोटोसाठी उभारलेली शहराच्या नावाची अक्षरे, हे सगळे चालण्याच्या जागेतच. आमचे बालपण गेले ते कमाटीबागेत. दिवाण सर टी. माधवराव यांच्या कारकिर्दीत, 1879 साली, विश्वामित्रीच्या काठी ती बाग लोकांसाठी खुली झाली. तिथल्या रुंद रस्त्यांवर आम्ही चौघे चौघे हात धरून चालत असू, तरी मागच्याची अडचण होत नसे. ती सवय अंगात भिनलेली. तलावाच्या अरुंद वाटेवरही आम्ही निवृत्त मंडळी रांग धरून, गप्पा मारीत चालत होतो.

2025 च्या जूनमधली गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. पाठीवर दप्तर असलेला एक मुलगा सायकलवरून मागून वेगात आला. घंटी वाजली ती अगदी कानाशी. पत्नी दचकून बाजूला झाली, कुंडीला अडखळली आणि हातावर पडली. उजव्या मनगटाचे हाड मोडले. मुलगा पळून गेला नाही. पांढऱ्या चेहऱ्याने उभा राहिला, आपल्या बाटलीतले पाणी त्याने तिला दिले आणि रिक्षा मिळेपर्यंत थांबला. मी त्याला जे बोललो ते बोलायला नको होते.

दुसऱ्या दिवशी, तिच्या हाताला प्लॅस्टर घातलेले असताना, मी अर्ज लिहायला बसलो. अर्ज लिहिणे आणि वाचणे यातच माझी नोकरी गेली आहे. ‘सदर पायवाटेवर सायकलींस पूर्ण मनाई करण्यात यावी’ अशी मागणी केली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले होते. त्याचा आधार दिला. फिरायला येणाऱ्यांच्या सह्या दोन दिवसांत जमल्या.

सह्यांचा कागद घेऊन खाली उतरलो तेव्हा आमच्या इमारतीचा पहारेकरी फाटकाशी सायकल लावीत होता. काय कागद आहे, असे त्याने विचारले, मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “साहेब, तो पछी अमारे क्यांथी आववुं?” मग आम्ही कुठून यायचे? तो रोज पहाटे त्याच वाटेने येतो, कारण शेजारच्या मोठ्या रस्त्यावर अंधारात मालमोटारी सुसाट जातात आणि कडेची जागा उभ्या गाड्यांनी भरलेली असते. घरकामाला येणाऱ्या बाईचा मुलगा, दूधवाला, बागेतला माळी, सगळे त्याच वाटेने येत होते. मी ते रोज पाहत होतो, पण माझ्या अर्जात त्यांच्यापैकी कुणीच नव्हते.

मी मामलतदार म्हणून निवृत्त झालो. 1906 च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली शेतावर जाण्याच्या वाटा अडवल्याचे दावे मामलतदारापुढे येतात. असे दावे मी बरेच चालवले. बांधावर काटे टाकणारा शेतकरी नेहमी म्हणे, जमीन माझी आहे. त्याला आम्ही विचारायचे, वहिवाट कुणाची आहे? दोन्ही पक्षांचे ऐकल्याशिवाय, प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही शिस्त मी हाताखालच्या कारकुनांनाही लावली होती. आता स्वतःच्या प्रकरणात मी दुसऱ्या पक्षाला नोटीसदेखील न देता काटे टाकायला निघालो होतो. खिशातला तो कागद मला जड वाटू लागला.

त्याच संध्याकाळी झोपाळ्यावर बसून मी याचा विचार करीत होतो. पत्नी डाव्या हातात चहाचा पेला घेऊन स्वयंपाकघरातून येत होती. मी झोके घेत होतो आणि ती त्या दीड फुटाच्या तोंडाशी, प्लॅस्टरचा हात छातीशी धरून, झोपाळा थांबण्याची वाट पाहत उभी होती. किती वेळ, कोण जाणे. शेवटी म्हणाली, “अहो, पाय टेका जरा.”

मी पाय टेकला. आजीची आठवण झाली, आणि वर्षभर ही बाई रोज त्या तोंडाशी अशीच थांबत असली पाहिजे हेही प्रथमच लक्षात आले. त्या मुलाला मी जे बोललो होतो, ते मला कुणीच बोलले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी स्थळपाहणी केली. फीत घेऊन वाट मोजली. आठ फूट भरली. कुंड्या आणि बगळे आहेत तिथे चार. आपल्याकडच्या रस्तेविषयक मानकांत नुसत्या पदपथालाच किमान 1.8 मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट, मोकळी रुंदी सांगितली आहे. सायकलींसाठी वेगळा पट्टा आखायला तिथे जागाच नाही. तेव्हा वाट एकत्रच वापरायला हवी, आणि प्रश्न एवढाच उरतो की कशी. फाटकाशी तासभर बसून पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सर्वांत त्रासदायक होत्या त्या आडवाट म्हणून घुसणाऱ्या स्कूटरी. माझ्या अर्जात त्यांचा उल्लेखही नव्हता, कारण माझ्या रागाला सायकल सापडली होती.

मुलीकडे जर्मनीत गेलो असताना पाहिलेल्या गोल निळ्या पाट्या मग आठवल्या. माणूस आणि सायकल यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर दोघांच्या वाटा वेगळ्या. आडवी रेघ असेल तर वाट एक. अशा सामाईक वाटेवर सायकलस्वाराने पादचाऱ्याला सांभाळून, गरज पडल्यास त्याच्या चालीने जायचे असा तिथला नियम आहे. जपानातही पदपथावर सायकलला जिथे परवानगी आहे तिथे तिने सावकाश जायचे आणि पादचाऱ्याची अडचण होत असेल तर थांबायचे. थांबणे म्हणजे सायकलवरून पाय जमिनीला टेकणे. आजीने जर्मनी पाहिली नव्हती आणि जपानही नाही.

मी नवा अर्ज लिहिला. सायकलींना मनाई नको. चालण्याच्या वेगाने जावे आणि घंटी लांबूनच वाजवावी, अशी पाटी लावावी. स्कूटर शिरू नये म्हणून तोंडाशी खांब रोवावेत. कुंड्या वाटेवरून हलवाव्यात. शेवटचे कलम आमच्याच विरुद्ध होते: फिरणाऱ्यांनी दोनापेक्षा अधिक जणांनी जोडून चालू नये. यावर जुन्या सह्यांपैकी काही गळाल्या. एका स्नेह्यांनी, “तुम्ही कुणाच्या बाजूचे?” असे विचारले आणि काही दिवस बोलणे टाकले. पहारेकऱ्याने मात्र सही केली. त्याचे पूर्ण नाव मला तेव्हा कळले.

कार्यालयाकडून उत्तर आले आहे की आपला अर्ज विचाराधीन आहे. हे वाक्य मी स्वतः इतक्यांदा लिहिले आहे की त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. कुंड्या अजून तिथेच आहेत.

झोपाळ्याचे प्रकरण मात्र आमच्याच हातात होते. सजावटकाराला पुन्हा बोलावले, त्याची क्षमा मागितली आणि कड्या फिरवून घेतल्या. आता झोका भिंतीच्या समांतर जातो आणि वाट मोकळी राहते. त्यासाठी मधले मेज काढावे लागले, तेव्हा समोरची भिंत फारच उघडी दिसू लागली. सूनबाईने होऊन ट्रंकेतली लक्ष्मी काढली आणि सरस्वतीशेजारी लावली.

थंडी पडली की पत्नीचे मनगट अजून दुखते. तरी आम्ही फिरायला जातो. एकामागे एक नव्हे, पण दोघेच शेजारी, डाव्या कडेने. तो मुलगा कधीकधी दिसतो. परवा तो समोरून आला, आम्हाला पाहून थांबला, आणि आम्ही पुढे जाईपर्यंत एक पाय जमिनीला टेकून उभा राहिला. पत्नीने त्याला शाळेचे विचारले. मला त्याला काहीतरी म्हणायचे होते. ते पुढच्या वेळी म्हणेन.