नकुशीचे नाव

मराठी शिकविण्याच्या पेशामुळे मला नावांचा मोठा नाद. नांदेडला हजेरी घेताना, लातूरला सोयऱ्यांच्या बारशाला, नाव ऐकले की त्यामागची हौस दिसते. ‘नकुशी’मागे मात्र हौस नसते. नको असताना झालेली ती नकुशी! सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा दोनशेंहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे मिळाली. पण नकुशी निदान जन्मली तरी! आता दहाव्या आठवड्यातच आईच्या रक्तावरूनही मुलगा की मुलगी ते कळू शकते. ते सांगण्यास महाराष्ट्राने १९८८ साली, देशाने १९९४ साली बंदी केली. तरी राज्यात हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. ज्या आल्याच नाहीत, त्यांना कोणते नाव द्यावे? ‘अष्टपुत्रा’ हा आशीर्वाद तेवढा आपल्याला तोंडपाठ. नमस्काराला वाकलेल्या नवरीला मी आता ‘सुखी राहा, पोरी’ एवढेच म्हणतो.