उसनी वाटी

माझ्या ओट्यावर, मसाल्याच्या डब्याशेजारी, एक स्टीलची वाटी गेले सहा-सात महिने आहे. ती माझी नाही. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी शेजारच्या काकूंच्या यजमानांचं नाव घातलेलं आहे. मार्गशीर्षातल्या एका पहाटे साखर संपलेली निघाली, सहाला हळदीच्या ऑर्डरवर पोचायचं होतं आणि लेकीचं दूध गॅसवर होतं. मी काकूंच्या दारात उभी राहिले. त्यांनी काही न विचारता वाटी भरून दिली. मग एकामागून एक लग्नाच्या तिथी येत गेल्या. आता आषाढ लागलाय आणि वाटी अजून इथेच आहे.

काकूंनी मागितली नाही, मागणारही नाहीत. पण उसनवारीचा कायदा लहानपणी आईने मला शिकवलेला आहे. सपाट वाटी आणली तर द्यायची ती शिगोशीग. साखर नेली तर साखरच द्यायला हवी असं नाही. आणि वाटी रिकामी परत करायची नाही.

कराडात माझा फोटो स्टुडिओ आहे, त्याला चौदा वर्षं झाली. लग्नाला अकरा झाली आणि लेक नऊ वर्षांची आहे. दर आठ मार्चला कुठल्या तरी कार्यक्रमात मला कुणीतरी विचारतं, घर आणि धंदा यांचा तोल कसा साधता? विचारणारी बहुधा माझ्याच वयाची असते, तिच्या मांडीवर मूल असतं, आणि तिला खरंच उत्तर हवं असतं. म्हणून मी खरं तेच सांगते, की तोल मला कधी दिसला नाही. बाजारातल्या काट्याची दोन पारडी क्षणभर तरी समोरासमोर स्थिर होतात, आमच्या घरात तो क्षण आलेला नाही. आमच्याकडे चालते ती उसनवारी. स्टुडिओ घराकडून पहाट उसनी घेतो, घर स्टुडिओकडून दुपार. मी सासूबाईंकडून दोन हात घेते, नवऱ्याकडून रविवार, आणि लेकीकडून काय काय घेतलंय त्याची यादी मला पूर्ण आठवतही नाही.

लेक साडेचार महिन्यांची असतानाचं एक लग्न आठवतं. ऑर्डर मी गरोदर असताना घेतली होती आणि ॲडव्हान्स कॅमेऱ्याच्या हप्त्यात गेला होता. लग्न उंब्रजजवळच्या एका कार्यालयात होतं. सासूबाई म्हणाल्या, "मी येते लेकराला घेऊन. तू तुझं काम कर, मी माझं करते." अनोळखी लग्नात, अनोळखी गावात, कार्यालयाच्या मागच्या चिंचेखाली त्या रिक्षात बसून राहिल्या. मांडीवर बाळ, पायाशी थर्मास.

नवरी गौरीहराशी बसली होती. मी तिच्या मुंडावळ्यांवर फोकस धरला आणि मांडवात कुणाचं तरी बाळ रडलं. माझं नव्हे, पण अंगाला तो फरक कळत नाही. पान्हा फुटला. कुर्ता दोन्हीकडून भिजला आणि मी कॅमेरा छातीशी घट्ट धरून तशीच उभी राहिले. समोर आयुष्यात एकदाच बसणारी नवरी, पाठीमागे चिंचेखाली भुकेलं मूल, आणि मुहूर्ताला चाळीस मिनिटं.

नवरीच्या मावशींनी पाहिलं. "चल गं बाई," म्हणाल्या आणि हाताला धरून मला वधूपक्षाच्या खोलीत घेऊन गेल्या. पलंगावरच्या साड्या आणि रुखवताचे खोके बाजूला सारले, एका मुलाला पिटाळून सासूबाईंना बोलावून घेतलं, दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर पाठ टेकून उभ्या राहिल्या. कुणी आलं की त्यांचा आवाज ऐकू येई, "आत्ता नाही, जरा थांबा." घरच्या लग्नाच्या भर गडबडीत त्या बाईने मला बारा मिनिटं उसनी दिली. गौरीहराचे दोन-चार फोटो त्यात राहून गेले. त्या अल्बममधली ती रिकामी जागा मला आजही दिसते, दुसऱ्या कुणाला दिसलेली नाही. पुढे त्यांच्याच नातवाच्या बारशाला त्यांनी मला बोलावलं, तेव्हा मी बिल केलं नाही. का, तेही बोलले नाही.

स्टुडिओत तान्ह्या बाळाचे पासपोर्ट फोटो काढायचे असतात तेव्हा आम्ही आईच्या अंगावर पांढरी चादर टाकतो. मान न धरणारं मूल स्टुलावर बसत नाही. मग आई चादरीच्या आत बसते, कापडामधून त्याला बगलेत धरते आणि फोटोत फक्त पांढरा पडदा आणि बाळ येतं. एकोणिसाव्या शतकातले युरोप-अमेरिकेतले असे फोटो मी पाहिलेत. तेव्हा काचेवर प्रतिमा उमटायला कित्येक सेकंद लागत आणि मूल हललं की चेहरा पुसट होई. म्हणून आई डोक्यावरून सतरंजी किंवा पडदा घेऊन खुर्चीसारखी बसायची. नीट पाहिलं तर कापडाखाली गुडघे दिसतात, कधी बाळाच्या पोटावर आलेली बोटं दिसतात. आज माझा शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागात उघडून मिटतो आणि तरीही ती चादर लागतेच. आठ कॉप्या कापून पाकिटात घालताना मी एकदा त्या चादरीकडे बघते. आत बसलेली आई बहुतेक वेळा बाळाशी बोलत असते, आणि तो आवाज फोटोत येत नाही.

माझा नवरा वीज कंपनीत वायरमन आहे. आम्हा दोघांचंही काम उजेडाचं, आणि दोघांचाही कामाचा महिना एकच, मे. ऐन लग्नसराईत वळीव येतो. वारं सुटलं की माझ्या मांडवाच्या कनाती फडफडू लागतात, आणि त्याच वेळी कुठेतरी झाड तारेवर पडतं आणि त्याचा फोन वाजतो. आमच्या लग्नाचा वाढदिवसही याच महिन्यात येतो. अकरा वर्षांत दोनदाच त्या दिवशी आम्ही एकत्र जेवायला बसलोय. यावरून भांडणं झाली आहेत, मोठी झाली आहेत. एकदा आठ दिवस आम्ही फक्त लेकीमार्फत बोलत होतो. तिला सहावं होतं आणि ती निरोप अगदी चोख पोचवायची, आमच्या आवाजाच्या पट्टीसकट. तिच्या तोंडून स्वतःचा तो सूर ऐकला आणि मी गप्प झाले.

पण एक संध्याकाळ मी त्या भांडणांच्या वर ठेवते. गोरज मुहूर्त होता. तिसरं मंगलाष्टक चालू असताना आकाश फुटल्यासारखा पाऊस आला आणि सगळं गेलं, दिवे, पंखे, स्पीकर. कार्यालयाचा जनरेटर चालू होईना. भटजी थांबले नाहीत, उघड्या आवाजात म्हणत राहिले. लोकांनी मोबाइलचे टॉर्च वर धरले आणि त्या हलत्या, पांढुरक्या उजेडात मी आयएसओ वाढवत वाढवत सहा हजार चारशेवर नेला. अंतरपाट खाली आला तेव्हा दोघांचे चेहरे कुणाच्या तरी मामाच्या फोनने उजळले होते. मी बोट दाबत होते, पण मन त्या पावसात बाहेर होतं. ही लाइन त्याच्या सेक्शनची. या क्षणी तो ओल्या खांबावर आहे, कमरेला पट्टा, दातात टॉर्च. आणि घरी याच अंधारात आजीच्या मांडीवर लेक बसली असणार.

पन्नास मिनिटांनी दिवे आले. मांडव ओरडला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, स्पीकर मध्येच किंचाळून सनई सुरू झाली. आणि तिथल्या चारशे माणसांत मला एकटीला त्या दिव्यांचा दुसरा अर्थ कळला. लाइन चालू झाली म्हणजे तो खाली उतरला.

गावात माझ्या स्टुडिओला बरेच जण अजूनही वायरमनचा स्टुडिओ म्हणतात. फोन येतो तेव्हा पलीकडून विचारतात, फोटोग्राफर आहेत का, द्या त्यांना. भांड्यावरच्या नावासारखंच हे. भांडं बाई वापरते, घासते, उसनं देते, आणि नाव यजमानांचं असतं. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीत जन्मल्या आणि मुंबईत जे.जे.त शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून येत ते माणेकशा व्यारावाला यांच्या, म्हणजे पतीच्या नावाने, कारण बाईला कोण ओळखणार? १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि साडीत, खांद्यावर जड कॅमेरा घेऊन पुढे एका देशाचा जन्म टिपत राहिल्या. १९४७ चा तिरंगा, १९४८ ची गांधीजींची अंत्ययात्रा त्यांच्या भिंगातून आपण पाहिली. एक मुलगा त्यांनी याच धावपळीत वाढवला. पतीच्या निधनानंतर, १९७० च्या सुमारास, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो पुन्हा कामासाठी उचलला नाही. पद्मविभूषण मिळालं २०११ साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी. मला त्यांचा विचार येतो तो पुरस्काराच्या नव्हे, त्या पहिल्या दिवसांच्या बाजूने. आपण काढलेला फोटो छापून आलाय, खाली दुसऱ्याचं नाव आहे, आणि तो दुसरा रात्री शेजारी बसून जेवतोय. तो प्रेमाचा माणूस असेल तर हे अधिक सोपं असेल की अधिक अवघड, मला ठरवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात लेकीचं स्नेहसंमेलन आणि माझी एक ऑर्डर एकाच संध्याकाळी आली. लग्न आधी ठरलेलं, तारीख बदलणं शक्य नव्हतं. बदली कुणाला पाठवावं तर त्या दिवशी गावातला प्रत्येक कॅमेरा कुठल्या ना कुठल्या कामात होता. लेकीला कोळीनृत्य होतं. सासूबाईंनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, वेणीत अबोली माळली. रात्री साडेअकराला मी घरी पोचले तेव्हा ती झोपलेली होती आणि गालावरची लाली उशीला लागली होती.

पुढच्या आठवड्यात मी शाळेतल्या फोटोग्राफरकडून तिचा फोटो विकत घेतला. त्याने मला ओळखलं आणि पैसे घेईना. मी हट्टाने दिले. फोटोत सगळ्या मुली समोर बघताहेत, माझी लेक तेवढी डावीकडे. डावीकडे पहिल्या रांगेत आम्ही बसू असं मीच तिला सांगितलं होतं.

डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकारिणीने सांगितलेली एक हकिकत मला तेव्हापासून सोडत नाही. १९३६ चा मार्च. महिनाभर भटकून, शेतमजुरांचे फोटो काढून ती गाडीने घरी निघाली होती. पाऊस पडत होता. कॅलिफोर्नियातल्या निपोमोजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी तिला दिसली, ती थांबली नाही. घर ओढत होतं. वीसेक मैल ती पुढे गेली आणि मग तिने गाडी वळवली. तिथे ताडपत्रीच्या झोपडीत मुलांना घेऊन बसलेल्या एका आईचे तिने काही फोटो काढले, त्यांतला एक साऱ्या जगाने पाहिला. लँगला स्वतःला दोन मुलगे होते आणि कामासाठी काही काळ तिने त्यांना दुसऱ्या कुटुंबांकडे ठेवलं होतं. त्या फोटोतल्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ते लोकांना कळायला चाळीसेक वर्षं गेली. तिला त्या फोटोतून काही मिळालं नाही, याची खंत तिने बोलून दाखवली. मग १९८३ मध्ये ती आजारी पडली, तेव्हा त्याच फोटोच्या ओळखीने देशभरातून लोकांनी तिच्यासाठी पैसे पाठवले.

मी मात्र पुन्हा पुन्हा त्या वीस मैलांपाशी थांबते. घराच्या दिशेने लागलेली गाडी, आतली दमलेली बाई, आणि स्टिअरिंग वळवणारे हात. घरी वाट बघणारी दोन मुलं आणि ताडपत्रीखालची ती मुलं, यांतलं कोणाचं तिने कोणाला दिलं? तिने वळवली नसती तर तो फोटो नसता. माझा कोणताही फोटो तसा नाही. मी लोकांच्या मुंडावळ्या आणि हातावरची मेंदी टिपते. तरीही दर वेळी गाडी घरापासून दूर वळवताना मला तिचे हात आठवतात.

आषाढात तिथी नसतात. चातुर्मास लागला की कार्तिकात तुळशीचं लग्न होईपर्यंत आमच्या धंद्याला उसंत असते. स्टुडिओत अल्बमची उरलीसुरली पानं जुळवायची, सेन्सर साफ करून घ्यायचा, बाकी पासपोर्ट आणि आधारचं काम. हे महिने मी फेडीचे धरते. सासूबाई यंदा माउलींच्या पालखीबरोबर आहेत, आत्ता फलटणच्या आसपास असतील. लेक तान्ही होती तेव्हा त्या दोन वर्षं वारीला गेल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "विठोबा कुठं पळून चाललाय?" त्या दोन वाऱ्या माझ्याकडे आहेत. त्या कशा फेडायच्या, ते मला माहीत नाही.

आज सकाळी आषाढ तळायला घेतला. गूळ पाण्यात विरघळवून कणीक घट्ट मळली, लाटलेल्या पोळीवर खसखस दाबली. लेकीने सुरीने शंकरपाळ्याच्या आकारात कापण्या कापल्या, वाकड्या, जाड-बारीक. नवरा रात्रपाळी करून आला होता, आंघोळ करून कढईपाशी उभा राहिला आणि झारा माझ्या हातातून घेतला. खिडकीतून येणारा पावसाळी उजेड मऊ होता, दोघांच्याही चेहऱ्याच्या एकाच बाजूवर पडत होता. कॅमेरा आतल्या खोलीत होता. मी पिठाचे हात घेऊन तिथेच उभी राहिले.

काकूंची वाटी घासून पुसून घेतली. त्यात कापण्या भरल्या, शीग लावली, वर आणखी दोन ठेवल्या. लेकीला म्हटलं, "दोन्ही हातांनी धर. हळू जा, पायरी ओली आहे."

ती गेली. पलीकडून काकूंचा आवाज आला, मग हसणं, मग बराच वेळ काही नाही. परत आली तेव्हा वाटी तिच्या हातात होतीच, आणि आत चार लिंबं होती, पावसाचं पाणी लागलेली.

"आई, काकू म्हणाल्या, लोणचं घालून दे."